स्त्रियांसाठी वेगळी रोड सायकल लागते का?

"डॉक्टर, रोड सायकल घ्यायची आहे, पण लेडीज मॉडेल मिळत नाही. साधी घेतली तर त्रास होईल का?" सायकल चालवू लागलेल्या अनेक जणींना हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर सायकलच्या इतिहासात सापडतं.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये 'रोव्हर' ही आजच्यासारखी, साखळीची सायकल आली. थोड्याच वर्षांत स्त्रियांसाठी खाली वाकवलेल्या दांडीची सायकल निघाली. आपली 'लेडीज सायकल' तिचीच वंशज. पण दांडी वाकवली ती पायघोळ झग्यासाठी. शरीराच्या मापाचा त्यात विचार नव्हता. उलट १८९० च्या दशकात काही डॉक्टर सायकलमुळे चेहरा बिघडतो अशी भीती स्त्रियांना घालत. त्याला कसलाच आधार नव्हता.

मापाचा खरा विचार केला अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअरने. उंचीने कमी असलेल्या स्त्रियांना मान-खांदे दुखण्याचा त्रास व्हायचा, कारण हँडल फार लांब पडायचं. छोट्या फ्रेमला मोठं चाक लावलं की हँडल जवळ आणणं अवघड जातं. पाऊल पुढच्या चाकाला लागू शकतं. म्हणून टेरी यांनी पुढचं चाक लहान केलं आणि १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. दोष स्त्रियांच्या शरीरात नव्हता, सायकलच्या मापात होता.

पुढे मोठ्या कंपन्यांनीही स्त्रियांसाठी वेगळ्या फ्रेम काढल्या. त्यामागे एक समज होता: स्त्रियांचे पाय लांब आणि धड आखूड. पण २०१९ मध्ये 'स्पेशलाइज्ड' कंपनीने हजारो सायकलस्वारांची मापं तपासून सांगितलं की, दोन स्त्रियांमधला फरक स्त्री-पुरुषांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. कंपनीने वेगळ्या फ्रेम बंद केल्या. 'लिव्ह' हा ब्रँड मात्र आजही खास स्त्रियांसाठी सायकली बनवतो. त्या एखादीला छान बसतातही.

मग तुम्ही काय पाहावं?

• फ्रेमचा साईज तुमच्या उंचीला योग्य हवा.
• पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा.
• हँडल धरताना कोपर ताठ होऊ नयेत, खांदे कानाकडे चढू नयेत.
• ब्रेक बोटांच्या सहज आवाक्यात असावा.
• सीट बसायच्या हाडांना आधार देणारी हवी. स्त्रियांमध्ये या हाडांतलं अंतर सरासरीने जास्त असतं, त्यामुळे बऱ्याचदा फ्रेमऐवजी सीट बदलली तरी पुरतं.

जांघेत किंवा योनीमार्गाच्या बाहेरील भागात बधिरपणा, सूज किंवा जखम होत असेल तर "सवय होईल" म्हणून सोसू नका आणि सांगायला लाजू नका. आधी सीट तपासून घ्या. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

सायकलवर 'लेडीज' लिहिलंय की नाही, याला महत्त्व नाही. ती तुमच्या मापाची हवी.