ट्यूलिपचीं शेतें व त्यांचे यात्रेकरू

हॉलंड देशांत हारलेम व लायडेन या दोन शहरांमध्यें समुद्रकांठाला धरून जो चिंचोळा पट्टा पसरला आहे, तेथें एप्रिल महिना उजाडला कीं माणसांची रीघ लागते. तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या फुलांचे पट्टे क्षितिजापर्यंत गेलेले असतात व मधून मधून पाण्याचे सरळ कालवे चकाकत असतात. दूरदेशींचा प्रवासी हें दृश्य डोळे भरून पाहतो आणि मनाशीं समजतो कीं येथला शेतकरी फुलें पिकवितो. वस्तुतः त्याचें पीक जमिनीखालीं असतें. ट्यूलिपचा कांद्यासारखा कंद हा त्याचा माल. फूल उमलून त्याची जात व रोग यांची पारख झाली कीं तें फूल तो खुडून टाकतो. कारण झाडाचें सत्त्व बीं धरण्यांत खर्ची न पडतां कंदांत उतरावें, हा त्यांतील हिशेब. पूर्वीं हें काम हातांनीं होई, आतां बहुधा यंत्रें करतात. ज्या शोभेसाठीं लोक समुद्र ओलांडून येतात, तिची किंमत शेतकऱ्याच्या वहींत उसाच्या पाचटाहून फारशी अधिक नाहीं!

हें फूल मूळचें हॉलंडचें नव्हेच. मध्य आशियाच्या डोंगरांतून तें तुर्की सुलतानांच्या बागांत आलें व सोळाव्या शतकांत युरोपांत पोंचलें. इ. स. १५९३ मध्यें क्लूसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ लायडेन विद्यापीठांत आला. त्याच्या बागेंत दुसऱ्याच वर्षीं ट्यूलिप फुलले, आणि त्याचे कंद चोरीस गेले असेंही सांगतात. पुढें धनिकांना या फुलाचा असा छंद जडला कीं कंद जमिनींत पुरलेले असतांनाच नुसत्या कागदी करारांवर त्यांचा सौदा होऊं लागला. १६३७ च्या फेब्रुवारींत भाव एकाएकीं कोसळले. साऱ्या देशाचें दिवाळें निघालें, ही जी कथा पुस्तकांतून वाचावयास मिळते, ती बरीचशी मागाहून रंगविलेली आहे. आन गोल्डगार या विदुषींनीं जुनीं दप्तरें तपासून २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं झळ लागली ती मुख्यतः मूठभर सधन खरेदीदारांना. मोठी गंमत अशी कीं ज्या चित्रविचित्र रेघांच्या फुलांसाठीं एवढी चढाओढ लागली, त्या रेघा एका रोगाच्या होत्या. तो रोग विषाणूमुळें होतो, हें विसाव्या शतकांत उघड झालें.

आजचीं विस्तीर्ण शेतें मात्र त्या वेडाच्या काळांतलीं नव्हत. त्यांतील पुष्कळशीं एकोणिसाव्या शतकांत वाळूच्या टेंकड्या खणून तयार झालीं. ती वाळू होड्यांत भरून शहरांच्या बांधकामाकडे गेली व खालीं सपाट, भुसभुशीत जमीन उरली. कालव्यांच्या योगानें तेथील भूजल जमिनीखालीं सुमारें दोन फुटांवर राखतां येतें. कंद कुजूं नये व सुकूंही नये, एवढा ओलावा त्यामुळें मिळतो. १८४२ मध्यें हारलेम ते लायडेन अशी आगगाडी सुरू झाली, आणि शहरांतील माणसाला हीं शेतें खिडकींतून फुकट दिसूं लागलीं. फुलांच्या यात्रेला तिनें वाट करून दिली. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८६ मध्यें येथें येऊन या पट्ट्यांचीं चित्रें काढून गेला.

या कंदांनीं एक निराळाही प्रसंग पाहिला आहे. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांच्या ताब्यांतील पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तुटला आणि सुमारें २० हजार माणसें उपासमारीनें मेलीं. त्या दिवसांत ट्यूलिपचे कंद सोलून, आंतला अपायकारक समजला जाणारा कोंब काढून, उकडून लोकांनीं पोटाची खळगी भरली.

त्यानंतर चारच वर्षांनीं, १९४९ मध्यें, लिसे गांवच्या नगराध्यक्षांनीं व कांहीं प्रमुख कंद-उत्पादकांनीं आणि निर्यातदारांनीं केउकेनहोफ नांवाच्या जुन्या जहागिरीच्या आवारांत वसंतऋतूंतील कायमचें प्रदर्शन भरविण्याचें ठरविलें. या नांवाचा अर्थ स्वयंपाकघराची बाग. हेतु अर्थात् व्यापाराचा होता: गिऱ्हाइकानें माल फुललेला पाहावा व मागणी नोंदवावी. १९५० मध्यें बाग लोकांना खुली झाली व पहिल्याच वर्षीं २ लाख ३६ हजार माणसें आलीं. आज तिचा विस्तार ३२ हेक्टर असून दर शरदांत सुमारें ७० लाख कंद लावले जातात, आणि तीं फुलें पाहण्यासाठीं ती जेमतेम दोन महिने उघडी असते. आपल्याकडील पुष्कळांनीं ती १९८१ च्या ‘सिलसिला’ या बोलपटांत पाहिली असेल.

बागेनें गर्दी आपल्याकडे ओढली, तरी शेतें सुटलीं नाहींत. छायाचित्राच्या नादानें लोक वाफ्यांत शिरतात, झाडें तुडवितात आणि जोड्यांबरोबर एका शेताचा रोग दुसऱ्या शेतांत नेतात. म्हणून अलीकडे बांधांवर दोऱ्या व विनंतीच्या पाट्या दिसूं लागल्या आहेत. कांहीं शेतकऱ्यांनीं तर पैसे घेऊन पाहावयास मिळतील असे निराळे वाफेच राखले आहेत. तेथें फुलांचेंच मोल. बाकीच्या शेतांत खुडणीचें यंत्र पाहुण्यांसाठीं थांबत नाहीं. उशिरां येणाऱ्याला नुसते हिरवे देठ व सरींत पडलेल्या पाकळ्या तेवढ्या दिसतात, आणि कंद पुढें जून-जुलैंत काढले जातात.