गैरहजर पक्षाचे तीस दिवस

विषय कामगार न्यायालयाचा आहे, पण सुरुवात माझ्या ओळखीच्या जागेवरून करतो. सेना अधिनियम १९५० च्या कलम १०६ नुसार जवान परवानगीशिवाय तीस दिवस गैरहजर राहिला की चौकशी बसते आणि त्याची गैरहजेरी नोंदवली जाते. कोर्ट मार्शल मात्र तो सापडल्यावर, त्याच्या समोर. कामगार न्यायालयाला इतके थांबता येत नाही. नाहीतर मालकाने तारखेला न येऊनच कामगाराला दमवले असते.

म्हणून १९५७ च्या केंद्रीय नियमांत नियम २२ आला. सबळ कारणाशिवाय पक्ष आला नाही, तर तो हजर आहे असे धरून काम चालवता येत असे. पुरावा तरीही तपासावाच लागतो. पण कारण खरेच सबळ असेल तर? दिलेला एकतर्फी निवाडा रद्द करण्याविषयी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात स्पष्ट शब्द नव्हता.

हा प्रश्न कलकत्त्याच्या ग्रिंडलेज बँकेच्या खटल्यात उभा राहिला. इथे गैरहजर होती ती कामगारांची संघटना! तिच्या सरचिटणीसांचे वडील वारले होते आणि ९ डिसेंबर १९७६ च्या तारखेलाच त्यांचे श्राद्ध होते. वकिलांनी मुदत मागितली, न्यायाधिकरणाने नाकारली आणि एकतर्फी निवाडा दिला. पुढे कारण पटल्यावर त्याच न्यायाधिकरणाने तो मागे घेतला. बँक भांडली ती यासाठी की असा अधिकारच न्यायाधिकरणाला नाही.

डिसेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचे म्हणणे फेटाळले. न्या. ए. पी. सेन यांनी एक भेद केला, तो मला फार मोलाचा वाटतो. निकालाच्या गुणदोषांचा फेरविचार करायला कायद्याने दिलेला अधिकार लागतो. बाजू न ऐकण्याची कार्यपद्धतीतली चूक दुरुस्त करणे हा मात्र न्यायदानाचाच भाग आहे. त्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांनी निवाडा अमलात येत असे, आणि तोवर न्यायाधिकरणाचा ताबा सुटत नसे. संघटनेचा अर्ज त्या मुदतीत आला होता.

पण तिसाव्या दिवसानंतर काय? २००४ साली संगम टेप कंपनीच्या प्रकरणात उत्तर आले: अधिकार संपला. मला हे कठोर वाटते. निवाडा राजपत्रात छापून येत असे. गिरणीतला माणूस राजपत्र कुठून वाचणार? नोटीसच पोहोचली नसेल, तर त्याला कळण्याआधीच महिना उलटत असे. अखेर मे २०१८ मध्ये हरियाणा सुरज मालटिंगच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अडसर काढला: सबळ कारण दाखवले, तर तीस दिवसांनंतरही न्यायालय निवाडा रद्द करू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. उघडलेल्या दारातून मालकही येतो, बहुधा चांगला वकील घेऊन. निवाडा जिंकून थकलेले वेतन मोजत बसलेला कामगार मग पुन्हा पहिल्या तारखेवर. म्हणून दार उघडताना न्यायाधीश खर्च भरायला लावतात, ते योग्यच.

महाराष्ट्राच्या वाटेला मात्र हा घोळ कमी आला. १९५७ च्या मुंबई नियमांतल्या नियम २६ मध्ये रद्द करण्याचा अर्ज आधीपासून लिहिलेला होता, आणि त्याचे तीस दिवस राजपत्रातल्या तारखेपासून नव्हे, निवाड्याची प्रत हातात पडल्यापासून मोजायचे होते.