बाईची पायरी सांगणारा वाडगा

लोणच्याच्या बरणीला आपण चिनीमातीची बरणी म्हणतो. ही कला चीनमधून जगभर गेली, म्हणून हे नाव. आज आपण त्याच मातीच्या वाडग्यांची गोष्ट ऐकणार आहोत.

चीनच्या जियांग्शी प्रांतात जिंगदेझेन नावाचं शहर आहे. सम्राटाच्या राजवाड्यातली भांडी तिथल्या भट्ट्यांत सुमारे १३०० अंशांवर भाजत. १७१२ साली एका फ्रेंच पाद्र्याने लिहून ठेवलं, की एक भांडं तयार होईपर्यंत ७० कामगारांच्या हातांतून जातं. पण वाडग्याच्या बुडाशी नाव असे ते सम्राटाच्या राजवटीचं. त्या हातांचं नाव कुठेच नाही.

वाडग्यावरची नक्षी म्हणजे आशीर्वादच. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू' असा होतो, म्हणून वटवाघूळ शुभ. पीचचं फळ म्हणजे दीर्घायुष्य. दाण्यांनी भरलेलं डाळिंब म्हणजे भरपूर मुलं, त्यातही मुलगे. आपण ओटीत नारळ घालतो, तसंच हे.

छिंग घराण्याच्या काळात मात्र वाडग्याचा रंग बाईची पायरी सांगू लागला. राजमाता आणि पट्टराणी यांचा वाडगा आतून-बाहेरून पिवळा. तिच्या खालच्या राणीचा बाहेरून पिवळा, आतून पांढरा. त्याखालच्या दोन पायऱ्यांना पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन, म्हणजे पाऊस आणणारा सापासारखा प्राणी. मग निळ्यावर पिवळा, त्याखाली हिरव्यावर जांभळा. जेवण वाढलं, की कोण कुठल्या पायरीवर ते सगळ्यांना दिसायचं.

हे वाचताना आम्हाला आमच्या गावातले कोनाडे आठवले. मजुरीला येणाऱ्या बाईची कपबशी तिथे, घराबाहेर ठेवलेली असायची. रंग नव्हता, पण पायरी होतीच.

आमच्या बचत गटाच्या पहिल्या बैठकीत चहा आला, तेव्हा एका मैत्रिणीने पदराआडून स्वतःचा पेला काढला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, सवयच तशी लागलेली. आम्ही सगळ्याजणी खाली बघत राहिलो. पुढच्या महिन्यात गटाच्या पैशांतून एकसारखे बारा कप आणले. ते विसळायची पाळी सगळ्यांची.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत चहा येईल तेव्हा जरा बघा. कुणाचा कप अजून वेगळा आहे का?