आमची पद्मिनी आणि दोन खाती

वडिलोपार्जित म्हणाव्यात अशा आमच्याकडे दोनच गोष्टी. एक दमा आणि दुसरी 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. दमा माझ्या डोक्यावरून उडी मारून कन्येकडे गेला. मोटार माझ्यापाशी थांबली. थांबणे हा तिचा स्वभावच आहे. कोंडाईबारीच्या घाटात तर ती न चुकता थांबते.

घराणे तसे मोठे! वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट तयार होऊ लागली, आणि 1970 च्या दशकात तिचे बारसे होऊन चितोडच्या राणीचे नाव पडले. इंजिन 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. पण तिला एकदा टिचकी मारून वडील म्हणाले, "हा डबा आहे," आणि पद्मिनीच घेतली. 1998 च्या 1 जुलैला नवा जिल्हा झाला, तेव्हा ती जागची न हलता धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्ह्यात गेली. वाटेत बंद न पडता केलेला तिचा तेवढाच प्रवास.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेपायी रस्त्यावरून गेल्या. सौ.ने ती बातमी मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे पाहिले. "आपली कधी?"

मी पडलो कॉमर्सचा. खाते मांडले. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पद्मिनी लिटरला 12 किलोमीटर जाते (उतार असल्यास), नवी छोटी गाडी 20 जाईल असे धरू. म्हणजे शंभर किलोमीटरमागे नवी साडेसात किलो वाचवणार. पण नवी गाडी काही झाडाला लागत नाही. पोलाद, काच, रबर, रंग, सगळे भट्टीतून येते. त्याचे पाच टन धरले, तर ते फिटायला 66 हजार किलोमीटर हवेत. आमची धाव वर्षाला हजार. बँकेत मी पायीच जातो. म्हणजे नवी गाडी 66 वर्षांनी नफ्यात! मी तेव्हा 113 वर्षांचा असेन. पृथ्वीसाठीच मी जुनी गाडी ठेवली आहे, असे मी चहाच्या वेळी जाहीर केले.

"आणि धूर?" कन्येने विचारले.

हे दुसरे खाते मी उघडलेच नव्हते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्याकडे 1995 पासून, तोही आधी चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना आला. आमच्या गाडीला कुठला? कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले पेट्रोल सरळ बाहेर. त्यात थंड इंजिन चोक ओढून सुरू केले की धूर सर्वांत वाईट. म्हणजे ज्या कमी धावेचा मला अभिमान, तिच्यात धुराचाच वाटा मोठा. कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगात वाटला जातो. हा धूर मात्र पहिल्यांदा जातो कन्येच्या खोलीच्या खिडकीत. खिडकीत तिचा पंप असतो.

आमच्या नवापूर स्टेशनावर एक बाक आहे, अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. त्या दिवसापासून मी त्या बाकावर बसल्यासारखा आहे. 2022 च्या एप्रिलात नोंदणीच्या नूतनीकरणाची फी 600 ची 5000 झाली, तेव्हा मी कुरकुरत भरली होती. मुदत 2027 पर्यंत आहे.

तोवर तोड निघाली आहे. गाडी दारात सुरू करायची नाही. गल्लीबाहेर, घरे संपतात तिथवर ढकलत न्यायची. शेजारचे काका रोज विचारतात, "काय साहेब, बॅटरी उतरली का?" मी हो म्हणतो. सौ. आणि मी मागून ढकलतो. कन्या स्टिअरिंगवर बसते आणि हॉर्न वाजवते.