श्वास आणि वीज

फुंकवाद्याचा स्वर म्हणजे वादकाच्या श्वासाचेंच रूपांतर होय. त्यामुळें १९६५ सालीं सेल्मर कंपनीनें सॅक्सोफोनसाठीं ‘व्हॅरिटोन’ नांवाचें विद्युत्-उपकरण काढलें, तें अनेक जॅझ-रसिकांस कलेवरील आक्रमणच वाटलें. आम्हीही पुष्कळ दिवस याच मताचे होतों.

उपकरणाची योजना साधी होती. वाद्याच्या मानेंत छिद्र पाडून तेथें लहानसा ध्वनिग्राहक बसवावयाचा व स्वर तारेनें ध्वनिवर्धकाकडे न्यावयाचा. वाटेंत कळ फिरविली, कीं मूळ स्वराबरोबर त्याचाच खालच्या सप्तकांतील स्वर उमटे. प्रतिध्वनि आणि कंपही मिळत. १९६६ सालीं सनी स्टिट यांनीं ध्वनिमुद्रणांत त्याचा उपयोग केला. पुढच्याच वर्षीं क्लार्क टेरी यांनीं तें ट्रंपेटला लावलें.

आक्षेपकांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. दोन सप्तकें अखंड एकत्र वाजूं लागलीं, म्हणजे ओठांचे बारकावे त्या जाड नादाखालीं दडपतात आणि स्टिटसारख्या चपळ वादकाची ओळखच पुसट होते. उलट एडी हॅरिस यांनीं ‘लिसन हिअर’मध्यें त्या जाडपणास साजेशीं आटोपशीर, पुनःपुन्हां येणारीं स्वरवाक्यें योजलीं. १९६८ सालीं ती रचना अमेरिकेंत अतिशय लोकप्रिय झाली.

शिवाय ‘शुद्ध’ स्वर तरी पूर्वीं कोठें होता? १९२३ सालींच किंग ऑलिव्हर कॉर्नेटच्या मुखावरील झांकण उघडमीट करून रडक्या माणसासारखे ‘वा-वा’ सूर काढीत. हीच युक्ति १९३१ च्या ‘शुगर ब्ल्यूज’नें क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवादकाच्या नांवाशीं जोडली गेली. पुढें १९६७ सालीं व्हॉक्स कंपनीनें तसाच परिणाम विजेनें साधणारी, पायानें चालविण्याची पेटी काढली. तिच्यावर नांव होतें मॅकॉयचें! ती गेली मात्र मुख्यतः गिटारवादकांच्या हातीं, नव्हे, पायीं. आणि १९७० च्या सुमारास माइल्स डेव्हिस यांनीं तशीच पेटी ट्रंपेटला जोडली. ट्रंपेटची युक्ति गिटारच्या घरचा पाहुणचार घेऊन स्वगृहीं परतली!

तेव्हां वाद वीज असावी कीं नसावी, हा नव्हेच. ऑलिव्हरचा हात झांकणावर होता, डेव्हिसचा पाय पेटीवर. दोघांचीही हालचाल स्वरवाक्याच्या आज्ञेंत होती. यंत्र जेथें श्वासाचें ऐकतें, तेथें तें वाद्याचाच भाग होतें. जेथें श्वासाला यंत्राचें ऐकावें लागतें, तेथें वादक उरत नाहीं, केवळ आवाज उरतो.