आगोटीची कामे : पाठ व स्नायूंच्या इजांचा प्रतिबंध

कोकणात मृगाच्या पावसाआधी घराच्या आवारात उरकावी लागणारी कामे. परसातला पाचोळा झाडणे, झावळा ओढून रचणे, लाकूडफाटा पडवीत आणणे, गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा बसवणे, माडाच्या आळ्यात शेणखत घालणे, ही त्यांतली नेहमीची. ती सगळी मे महिन्याच्या दमट उकाड्यात एकदम अंगावर येतात. करणारेही बहुधा सराव नसलेले : सुटीपुरता मुंबईहून आलेला मुलगा किंवा गावी राहिलेले साठीपुढचे आईवडील. उसण भरणे, कंबर धरणे, खांदा किंवा मांडी अवघडणे हे प्रकार म्हणूनच या दिवसांत घरोघर दिसतात. त्यांतले पुष्कळसे टाळता येतात.

कंबरेत पाच मणके असतात. त्यांतल्या खालच्या दोन सांध्यांवर वाकताना सर्वाधिक भार येतो. कण्याला मागून ओढून धरणारे स्नायू त्याच्यापासून जेमतेम ५-६ सेंमी. अंतरावर असतात. घमेले हात लांब करून, ५० सेंमी. पुढे धरले, तर त्याच्या वजनाच्या जवळपास दहापट ओढ त्या स्नायूंना द्यावी लागते. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. घमेले पोटाशी धरले की हे गणित लगेच हलके होते. मातीचे फावडे टाकताना कंबर पिळण्याऐवजी पावले वळवावीत.

‘गुडघ्यात वाकून उचला’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. मात्र उचलण्याची पद्धत नुसती शिकवून पाठदुखी कमी होते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. निरोगी माणसाने कमरेला पट्टा बांधल्याने इजा टळते, यालाही भक्कम पुरावा नाही. म्हणून माणसाला बदलण्याआधी ओझे आणि अवजार बदलावे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात अगदी अनुकूल स्थितीतही २३ किलो ही उचलण्याची मर्यादा धरली आहे. खताचे पोते ४५-५० किलोचे असते. ते जागीच उघडून खत पाट्यांनी न्यावे. हातकेरसुणीऐवजी लांब काठीला बांधलेला खराटा घेतला, तर तासभराचे वाकणे संपते. खराट्याला काठी बांधायला पाच मिनिटे लागतात आणि तरीही घरोघरी बायका वाकूनच खळे झाडतात, हे खटकते. हारा एकटीने डोक्यावर चढवू नये. तो गडग्यावर ठेवून तिथून दुसऱ्याच्या मदतीने घ्यावा.

वेळेचेही भान हवे. रात्रभराच्या झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तास खोल वाकण्याला वाईट. उन्हाच्या भीतीने लोक पहाटेच दगडांना हात घालतात. त्याऐवजी आधी उभ्याने होणारी झाडलोट करावी, दगड नंतर. बराच वेळ वाकून तण उपटल्यावर कण्याचे बंध सैलावतात व लगेच पूर्ववत होत नाहीत. त्या अवस्थेत जड वस्तू उचलणे सर्वांत धोक्याचे. आधी चार पावले चालावे. घाम फार गेला, तर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी प्यावे. पाठदुखी टाळायला नियमित व्यायाम मात्र खरोखर उपयोगी ठरतो आणि त्याची सुरुवात मेच्या पुष्कळ आधी व्हायला हवी.

उसण भरलीच, तर अंथरूण धरून पडून राहू नये. झेपेल तितके हिंडतेफिरते राहावे. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, किंवा लघवी अडली वा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.