न नेलेला तंबोरा

गवयानें आपल्या गळ्याच्या मापाचा तंबोरा करावयास सांगावा आणि पुढें तो न्यावयास येऊंच नये, तर त्या वाद्याचें काय व्हावें? मिरजेच्या तंतुवाद्यकारांपुढील हा जुनाच प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकांत शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेबांनीं आपला हात वाद्यांकडे वळविला. तेव्हांपासून पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा आणि तुणीचें लाकूड हें या धंद्याचें भांडवल झालें. पुरुषी गळ्यास मोठ्या घेराचा भोपळा लागतो, बायकी गळ्यास लहान. दांडी एकदां जोडली कीं हें माप बदलत नाहीं. परंतु तारांची जाडी बदलतां येते आणि घोडी घासून जवारी पुन्हां काढतां येते. म्हणून एकासाठीं घडलेलें वाद्य तशाच दुसऱ्या गळ्यास लावून देतां येतें. तोंवर मात्र कारागिराचा पैसा अडकतो व भोपळ्यास तडा जाण्याची धास्ती राहते.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल. पडून राहिलेल्या वाद्यास नवा गळा जुळवून देणें मात्र कारागिराच्या कानावरच अवलंबून आहे.